डिमेन्शिया समजून घेण्यासाठी सिनेमा : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सात-आठ जण सांगली-मिरज भागात डिमेन्शियावरचे, म्हणजे स्मृतिभ्रंशावरचे सिनेमे दाखवतो आणि सिनेमा संपल्यावर प्रेक्षकांशी बोलत बसतो. कधी ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये, कधी कॉलेजात, एकदा तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. यातले निम्मे प्रश्न कधीकाळी माझेच होते.

माहितीच द्यायची तर डॉक्टरांचं व्याख्यान ठेवावं. सिनेमाच कशाला?

व्याख्यान जरूर ठेवा. पण मला त्याचा किती उपयोग झाला ते सांगते.

माझ्या आईला अल्झायमर झाल्याचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं. जवळच्या आठवणी आधी जातात, जुन्या बराच काळ टिकतात, वाद घालू नका. मी वहीत लिहूनही घेतलं. तरी रोज दिवेलागणीला आई पिशवी भरायची. पिशवीत स्टीलचा डबा, पंचा आणि टीव्हीचा रिमोट. "चल गं, उशीर झाला, घरी जायचंय. हे येतील, स्वयंपाक व्हायचाय." मी म्हणायचे, "आई, हेच आपलं घर. आणि बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली." तिचा चेहरा पडायचा. तिच्या दृष्टीने ती बातमी त्या क्षणी आलेली असायची. रडायची, थोड्या वेळाने विसरायची, पुन्हा पिशवी उचलायची आणि मी पुन्हा तेच ऐकवायचे. आईशी खोटं कसं बोलायचं, एवढाच विचार डोक्यात असायचा. कित्येक महिने मी तिला रोज संध्याकाळी नव्याने विधवा करत होते.

मग 'अस्तु' पाहिला. त्यात चन्नम्मा नावाची माहुताची बायको आहे. रस्ता चुकलेले, स्वतःचं नाव-गाव हरवलेले एक म्हातारे प्राध्यापक तिच्या पालापाशी येऊन पोचतात आणि तिलाच आई समजतात. चन्नम्माला अल्झायमर हा शब्द माहीत असण्याचं कारण नाही. म्हातारा भुकेला आहे, भ्यालेला आहे, आपल्याला आई म्हणतोय, एवढं तिला दिसतं आणि ती त्याची आई होते. ती त्याला सुधारायला जात नाही.

दुसऱ्या दिवशी आईने पिशवी घेतल्यावर मी म्हटलं, "बाबांचा निरोप आलाय, आज उशीर होणारे. तोवर चहा टाकू?" आईने पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "टाक. आलं घाल थोडं."

वहीत लिहिलेलंच होतं की सगळं. पण तसं वागायचं म्हणजे काय करायचं, ते मला चन्नम्माने दाखवलं.

'अस्तु' सिनेमाबद्दल थोडं सांगाल का? तुम्ही सुरुवात त्यानेच का करता?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीने २०१३ साली केलेला हा मराठी सिनेमा. थिएटरात यायला त्याला २०१६ उजाडलं. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात चक्रपाणी शास्त्री या निवृत्त संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे आणि निर्मितीतही त्यांचा वाटा आहे. इरावती हर्षे थोरल्या मुलीच्या, इराच्या भूमिकेत आहेत. अमृता सुभाष यांना चन्नम्मासाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर संवादांचा राष्ट्रीय पुरस्कार सुमित्रा भावे यांना. कथा म्हणाल तर एका दिवसाची : मुलगी वडिलांना गाडीत बसवून थोड्या कामासाठी जाते, तेवढ्यात त्यांना रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते लहान मुलासारखे त्याच्यामागे निघून जातात. मग इकडे शोधाशोध आणि तिकडे त्यांचं हत्तीच्या बिऱ्हाडात जाऊन पडणं.

आम्ही याच सिनेमाने सुरुवात करतो त्याला दोन कारणं आहेत. शास्त्री विद्वान आहेत. आयुष्यभर पाठांतर केलेला, डोकं वापरलेला माणूस. "डोक्याला चालना दिली की असलं काही होत नाही" असं म्हणणाऱ्यांना तिथेच थांबून विचार करावा लागतो. दुसरं कारण इरा. ती वाईट मुलगी नाही, पण थकलेली आहे आणि थकलेलं माणूस जसं वागतं तशी वागते. आमच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त बोलणं तिच्यावर होतं, शास्त्रींवर नव्हे.

आणखी एक आमच्या भागापुरतं सांगते. चन्नम्माची बोली कानडी वळणाची आहे. मिरजेकडच्या कानाला ती घरची वाटते. एका कार्यक्रमानंतर दारात चपला घालता घालता एक आजी म्हणाल्या, "आमच्या शेजारची गंगव्वा अश्शीच बोलायची." मग त्या खाली बसल्या आणि नवऱ्याच्या आजाराबद्दल पहिल्यांदा बोलल्या.

डॉ. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. सिनेमा दाखवायचा आणि नंतर प्रेक्षकांशी मोकळं बोलायचं, हे काम ते कितीतरी वर्षं करत आले आहेत. भावे-सुकथनकरांनी स्किझोफ्रेनियावर 'देवराई' केला, नैराश्यावर 'कासव' केला. मनाच्या आजारांवर मराठीत असं सलग काम उभं आहे हे आपलं भाग्य आहे. सुमित्राताई २०२१ साली गेल्या, पण त्यांचे सिनेमे त्यांचं काम पुढे नेत आहेत.

डिमेन्शिया आणि अल्झायमर एकच का?

नाही. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हे लक्षणांच्या समूहाचं नाव आहे : स्मरणशक्ती, भाषा, दिशेचं भान, निर्णय घेणं, वागणूक हे सगळं रोजचे व्यवहार अडावेत इतकं ढासळणं. ते कशामुळे झालं याची कारणं वेगवेगळी. अल्झायमर हे सगळ्यात मोठं कारण, साधारण ६० ते ७० टक्के रुग्णांत तेच असतं. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणारा एक प्रकार आहे. आणखी एका प्रकारात नसलेली माणसं, जनावरं स्पष्ट दिसतात. आणखी एकात आठवण बरी राहते पण स्वभाव पार बदलतो. सिनेमे बहुतेक करून अल्झायमरवरच असल्यामुळे प्रेक्षकांना वाटतं, विसरत नाही म्हणजे डिमेन्शिया नाही. चर्चेत हे मुद्दाम सांगावं लागतं.

म्हातारपणी विसरायला होतंच. त्याचा एवढा बाऊ का करायचा?

"साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपल्याकडे इतकी सहज तोंडी येते, की घरातलं माणूस आजारी आहे हे दोन-दोन वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. आम्हीही एका डॉक्टरांकडून "वय झालं, चालायचंच" एवढंच ऐकून घरी आलो होतो आणि त्यात पाऊण वर्ष गेलं.

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं, चष्मा कशासाठी असतो ते न कळणं वेगळं. आईने चाळीस वर्षं केलेली आमटी एक दिवस केली आणि त्यात डाळच नव्हती. ती पातेल्याकडे बघत उभी होती. काहीतरी चुकलंय एवढं तिला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. हे वयाने होत नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा की भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. शंभरात सात माणसं. शंभर खुर्च्यांच्या हॉलमध्ये आम्ही हा आकडा सांगतो तेव्हा लोक आपोआप आजूबाजूला बघतात.

शब्दांचंही बोलायला हवं. म्हातारचळ, भ्रमिष्ट, डोक्यावर परिणाम, असे शब्द घरात वापरले की उपचाराचा विचारच मागे पडतो. जपानमध्ये या आजाराच्या जुन्या नावात मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ साली त्यांनी सरकारी पातळीवर ते नाव बदललं. आपण निदान घरात तरी बदलू शकतो.

'अस्तु'नंतर कोणते सिनेमे दाखवावेत?

प्रेक्षक कोण आहेत त्यावर ठरतं.

'थ्री ऑफ अस' हा अविनाश अरुण यांचा हिंदी सिनेमा आहे, २०२३ साली थिएटरात आलेला. मुंबईत नोकरी करणाऱ्या शैलजाला डिमेन्शियाची सुरुवात झाली आहे आणि सगळं पुसलं जाण्याआधी तिला लहानपणीचं वेंगुर्लं एकदा बघून यायचं आहे. शेफाली शहा यांनी हे काम फार हळुवार केलं आहे. डिमेन्शिया म्हणजे अंथरुणाला खिळलेला म्हातारा, असंच चित्र ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे त्यांना हा दाखवा. हिंडती-फिरती, आपल्याला काय होतंय ते ओळखणारी बाई त्यांना दिसते. कोकणातले प्रेक्षक असतील तर गावं-घरं ओळखीची निघतात आणि तिथूनच गप्पा सुरू होतात.

'द फादर' (२०२०) इंग्रजी आहे, सबटायटल वाचण्याची सवय असावी लागते, म्हणून तो सगळीकडे चालत नाही. नर्सिंगच्या मुली, वृद्धाश्रमातले कर्मचारी, डॉक्टर यांच्यासाठी मात्र मला त्याच्याइतका मोलाचा दुसरा सिनेमा माहीत नाही. अँथनी हॉपकिन्स यांना त्यासाठी वयाच्या ८३व्या वर्षी ऑस्कर मिळालं. त्यात रुग्णाला काय दिसतं ते आपल्यालाच दिसतं. घर तेच, पण मघाची खुर्ची आता नाही. मुलगी म्हणून समोर येते ती वेगळीच बाई, आणि घरातले सगळे ती मुलगीच आहे असं वागतात. प्रेक्षक चिडतो, मागचं आठवू पाहतो, आपलंच काहीतरी सुटलं असं त्याला वाटतं. पेशंटला "अहो, आत्ताच तर सांगितलं" असं दिवसातून वीस वेळा म्हणणारा माणूस दीड तास स्वतः त्या जागी बसतो. एका कार्यक्रमानंतर वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे त्यांना आम्ही रोज नवीन असतो." त्यापुढे मला काही बोलायची गरजच उरली नाही.

मोहनलाल यांचा मल्याळम 'तन्मात्रा' (२००५) कमी वयात झालेल्या अल्झायमरवर आहे. घरातला कमावता माणूसच आजारी पडतो तेव्हा काय होतं, ते त्यात दिसतं. पोलिसांसमोर किंवा सोसायट्यांमध्ये अनंत नाग यांचा कन्नड 'गोधी बण्णा साधारण मैकट्टू' (२०१६) उपयोगी पडतो, कारण त्यात वडील हरवतात आणि मुलगा त्यांना शोधत फिरतो.

सिनेमात दाखवतात ते सगळं खरं असतं का?

नसतं, आणि ते चर्चेत सांगायला हवं. डोक्याला मार लागून स्मृती जाते आणि शेवटी दुसऱ्या फटक्याने परत येते, हे हिंदी सिनेमाने आपल्याला पन्नास वर्षं दाखवलं. त्यामुळे "एखादा धक्का दिला तर आठवेल का?" हा प्रश्न अजूनही येतो. नाही आठवत. 'मैंने गांधी को नहीं मारा' (२००५) या सिनेमात वडिलांच्या मनातला भ्रम काढण्यासाठी खोटा खटला उभा करतात. त्यातली मुलीची ओढाताण अगदी खरी आहे आणि अनुपम खेर यांचं काम मोठं आहे, पण तो सिनेमा बघून कुणी घरी असला प्रयोग करायला जाऊ नये.

अल्झायमर बरा करणारं औषध आज नाही. काही औषधांनी काही काळ लक्षणं आटोक्यात राहतात. सिनेमाच्या भरात लोकांना आशा लागते आणि चमत्काराचा दावा करणारे त्यावरच धंदा करतात, म्हणून हे वाक्य आम्ही प्रत्येक वेळी माइकवर उच्चारतो.

मग सिनेमात काय दाखवायचं राहून जातं?

खूप काही.

रात्री राहून जातात. दोन वाजता उठून कडी काढणारं माणूस, सहा महिने सलग न झालेली झोप. मलमूत्र बहुतेक सिनेमे ओझरतं दाखवून पुढे जातात. डायपरचा खर्च, तो महिन्याच्या किराणामालाशी कसा स्पर्धा करतो, हे तर कुणीच दाखवत नाही. भावाभावांतली भांडणंही राहतात : आई कुणाकडे किती महिने, पेन्शनच्या कागदावर सही कोण घेणार.

आणि सून राहते. पडद्यावर बहुतेक वेळा मुलगी असते, कारण मुलगी आणि वडील या नात्यात गोष्ट चांगली रंगते. आमच्याकडच्या घरांत हे काम बहुतेक सुनेच्या अंगावर पडतं. जी सासू वीस वर्षं टोचून बोलली, तिलाच आता न्हाऊ-माखू घालायचं. त्यात प्रेमाचे उमाळे नसतात, कर्तव्य असतं आणि गिळलेला रागही असतो. एका बाईंनी चर्चेत उभं राहून विचारलं, "मला त्यांची दया येत नाही, मी काय करू?" हॉल गप्प झाला. मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. मागून दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, "येत नाही तर नाही. तुम्ही त्यांना वेळेवर जेवायला घालता ना? आता तुमचं जेवण कोण बघतं ते सांगा." तेव्हापासून हा प्रश्न आम्ही प्रत्येक कार्यक्रमात पुरुषांच्या रांगांकडे बघून विचारतो.

ज्यांना डिमेन्शिया आहे त्यांनाच कार्यक्रमाला आणलं तर?

सुरुवातीची अवस्था असेल, आजाराची त्यांना कल्पना असेल आणि यायची इच्छा असेल, तर जरूर आणा. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसवा. त्यांना बोलायचं असेल तर आधी माइक त्यांच्या हातात द्या. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी उभं राहून सांगितलं, "तुम्ही माझ्यासमोर माझ्याबद्दल माझ्या मुलाशी बोलता. मी इथंच आहे." डिमेन्शियावर मी जेवढं ऐकलंय त्यात हे वाक्य माझ्यासाठी पहिलं.

आजार पुढे गेलेला असेल तर अंधार, मोठा आवाज आणि गर्दी यांचा त्रासच होतो. माझ्या आईला आणायचं मी कधी मनातही आणलं नाही. तिच्यासाठी घरी जुनी गाणी लावायचे. शब्द गेले होते, तरी ती ठेका धरायची, चहाच्या कपावर, बोटांनी.

लोक रडतात. हे बरोबर आहे का?

रडू येतं, येऊ द्या. पण रडवणं हा हेतू नको. "बिच्चारे!" म्हणत डोळे पुसून माणूस घरी गेला आणि सासऱ्यांवर तसाच खेकसला, तर कार्यक्रम वाया गेला असं मी धरते. कीव करणारा माणूस स्वतःला सुरक्षित काठावर ठेवून समोरच्याकडे बघत असतो. आपल्याला हवंय ते त्याने पाण्यात उतरणं : यांच्या जागी मी असतो तर मला आत्ता कशाची भीती वाटली असती?

एक काळजी घ्या. ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय किंवा नुकतंच निदान झालंय, अशा दोन-चार व्यक्ती प्रत्येक कार्यक्रमात असतात. आमचे दोघं जण दारापाशी पाणी घेऊन उभे असतात. कुणी मध्येच उठून बाहेर गेलं तर मागे जातात. समजूत काढत नाहीत, नुसते शेजारी बसतात.

सिनेमानंतरची चर्चा कशी घ्यायची?

आमच्या लेखी खरा कार्यक्रम हाच. सुरुवातीला आम्ही तो पाच-दहा मिनिटांत उरकायचो, आभारप्रदर्शन, चहा. लोक जड मनाने निघून जायचे आणि घरी कुणापाशी बोलायचे नाहीत. आता चाळीस मिनिटं राखून ठेवतो.

दिवे एकदम लावू नका. नावांची पाटी संपेपर्यंत थांबा, मग एका बाजूचे लावा. दोन मिनिटं कुणी बोललं नाही तरी चालेल. "सिनेमा कसा वाटला?" असं विचारू नका. लोक अभिनय छान होता, संगीत छान होतं यावर जातात आणि तिथून परत येत नाहीत. आम्ही विचारतो, "कुठल्या प्रसंगाला घरातलं कोण आठवलं?" किंवा "इरा चिडली तेव्हा तुम्हाला तिचा राग आला की स्वतःचा?" पहिलं बोलणारं माणूस मिळालं की पुढचं आपोआप होतं.

डॉक्टर असतील तर त्यांना शेवटी बोलू द्या. आधी बोलले की सगळ्यांचे प्रश्न गोळ्यांवर जातात आणि हॉलची ओपीडी होते. शेवटी बोलले की लोकांनी मघाशी सांगितलेल्या गोष्टी धरून ते बोलतात. मंचावर टेबल-खुर्च्या, हारतुरे नकोत. खाली उतरून, लोकांच्या पातळीवर उभं राहावं.

उपदेश करणारं एक माणूस प्रत्येक ठिकाणी भेटतं : "पूर्वी एकत्र कुटुंबं होती, असलं काही नव्हतं." त्यांना तोडून टाकू नका. "तुमच्या घरी तेव्हा म्हाताऱ्यांचं कोण करायचं?" एवढंच विचारा. उत्तर देताना ते बहुधा स्वतःच आईचं किंवा काकूचं नाव घेतात आणि त्या काकूचं काय झालं ते त्यांनाच आठवतं.

परवानगी लागते का? पेनड्राइव्हवरची कॉपी चालेल का?

लागते. नाही चालणार. तुमच्या मोबाइलवर ओटीटीचं सभासदत्व आहे म्हणून हॉलभर लोकांना सिनेमा दाखवायचा हक्क मिळत नाही, तिकीट नसलं तरीही. निर्मात्याला किंवा वितरकाला पत्र लिहा, हेतू सांगा, लेखी परवानगी घ्या. ज्यांनी कर्ज काढून, वर्षानुवर्षं थांबून असे सिनेमे केले त्यांचा हा हक्क आहे.

जागा, वेळ, खर्च याचं काय?

सकाळी दहाची वेळ सर्वांत चांगली. संध्याकाळी ज्येष्ठांना परतायची घाई असते, आणि घरी डिमेन्शियाचा पेशंट असेल तर त्याची बेचैनी नेमकी तिन्हीसांजेला वाढते, काळजी घेणारं माणूस बाहेर पडूच शकत नाही. त्याच माणसासाठी तर कार्यक्रम आहे. म्हणून शक्य असेल तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणीतरी तीन तास पेशंटजवळ बसेल अशी सोय आम्ही आधी बघतो.

बाकी साधं आहे. पाठ टेकायच्या खुर्च्या, स्वच्छतागृह जवळ आणि त्याची वाट उजेडात, पडद्यांनी बऱ्यापैकी अंधार होईल असा हॉल. पडदा लहान असला तरी चालेल, आवाज मात्र स्पष्ट हवा, कारण अर्ध्या प्रेक्षकांना कमी ऐकू येतं. स्पीकर भाड्याने घ्यायची वेळ आली तर त्यासाठी समोसे रद्द करा.

तरुणांना, पोलिसांना, बँकेतल्या लोकांना यात काय रस असणार?

पूर्ण सिनेमाला वेळ नसतो हे खरं. परवानगी घेऊन दहा मिनिटांचा एखादा भाग दाखवायचा आणि अर्धा तास बोलायचं. हरवलेला माणूस चौकीवर आला की "नाव काय, गाव काय" यापलीकडे काय विचारता येईल? बँकेत तेच आजोबा आठवड्यात तिसऱ्यांदा पैसे काढायला आले तर काउंटरवरच्या मुलीने काय करावं? रिक्षावाल्यांच्या एका बैठकीत एकाने सांगितलं, की त्याच्या रिक्षात एक आजी रोज बसायच्या आणि दहा वर्षांपूर्वी पाडलेल्या थिएटरचा पत्ता सांगायच्या. तो त्यांना चौकात एक चक्कर मारून घरी सोडायचा, पैसे घ्यायचा नाही. त्याने कुठलाच सिनेमा पाहिलेला नव्हता. आम्ही त्यालाच पुढच्या कार्यक्रमाला बोलायला बोलावलं.

सिनेमा बघून मला घरच्यांबद्दल (किंवा स्वतःबद्दल) शंका यायला लागली आहे.

दर कार्यक्रमानंतर दोघं-तिघं तरी हे बाजूला घेऊन विचारतात. घाबरू नका आणि थांबूही नका. न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. बी १२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधांचे परिणाम यांनीही डिमेन्शियासारखी लक्षणं दिसतात आणि ही कारणं बरीचशी बरी होण्यासारखी आहेत. जाताना वहीत नोंद घेऊन जा : काय बदललं, कधीपासून, एखादं उदाहरण. आणि एक-दोन दिवसांत एकाएकी कुणी बरळायला लागलं तर तो डिमेन्शिया समजून घरी ठेवू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या. लघवीच्या जंतुसंसर्गाने किंवा अंगातलं सोडियम उतरल्यानेही तसं होतं.

ज्येष्ठांसाठीची देशभरची हेल्पलाइन १४५६७ आहे. काळजी घेणाऱ्याचं स्वतःचं मन थकलं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६. हे दोन आकडे आम्ही पडद्यावर शेवटपर्यंत ठेवतो, लोक फोटो काढून घेतात.

आमच्या आजोबांचे व्हिडिओ आहेत. त्यांची छोटी फिल्म करून लोकांना दाखवली तर जनजागृती होईल का?

हेतू चांगला आहे, तरी आधी एक प्रश्न : हे बोलणं-चालणं, हे अर्धवट नेसलेलं धोतर, चार लोकांना दाखवायला आजोबा आजारी पडण्याआधी तयार झाले असते का? सिनेमातल्या शास्त्रींना मोहन आगाशेंचं शरीर आहे, शूटिंग संपल्यावर ते घरी जातात. तुमच्या आजोबांना दुसरं शरीर नाही. सुरुवातीच्या अवस्थेत असतील तर त्यांनाच विचारा, एकदा नव्हे तर अनेकदा, आणि एकदाही नको म्हणाले तर थांबा. आजार पुढे गेला असेल तर कॅमेरा तुमच्याकडे वळवा. तुम्ही रात्री काय करता, औषधाचा डबा कसा लावता, कधी चिडता. ती फिल्म तुमची असेल आणि दाखवायचा हक्कही तुमचा. त्यांचे हात तेवढे येऊ द्या, शेंगा सोलताना.

आमच्या गावात कार्यक्रम घ्यायचा आहे. काय करावं लागेल?

आम्हाला कळवताना तीन गोष्टी सांगा : अंदाजे किती लोक येतील, त्यात बायका किती, आणि गावात अशी किती घरं तुम्हाला माहीत आहेत जिथे आत्ता डिमेन्शियाचा पेशंट आहे. तिसऱ्याचं उत्तर "एकही नाही" असं असेल तर आधी गावातल्या आशा सेविकांना भेटा आणि मग पुन्हा फोन करा. त्या घरांतलं निदान एक माणूस पहिल्या रांगेत बसेल याची व्यवस्था झाली की तारीख ठरवू.